वळवाच्या वाटेवर: वादळं बघायला जाणारी गाडी कशी सज्ज करावी

मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी तीनच्या सुमारास ठाण्यातल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर जाऊन पूर्वेकडे बघा. पारसिकच्या डोंगरापलीकडे, मलंगगडाच्या सुळक्यांच्याही मागे, घाटमाथ्यावर फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे ढग वर चढत असतात. तासाभरात त्यातल्या एखाद्याचा माथा सपाट होऊन ऐरणीसारखा पसरला, की समजायचं, आज मुरबाड-शहापूरकडे कडकडाट होणार. वरचा वारा पूर्वेचा असेल तर रात्री आठपर्यंत तेच प्रकरण कल्याण-डोंबिवली करत आपल्या डोक्यावर येतं. मी त्या ढगांकडे गाडी घेऊन जातो. नऊ वर्षं झाली. घरचे आता विचारत नाहीत, फक्त डबा देतात.

जे विचारतात ते एकच विचारतात, गाडीत काय काय लावलंय? अमेरिकेतल्या वादळवेड्यांच्या याद्या वाचून आलेले असतात. गारांसाठी टपावर जाळी, पाच पडदे, सॅटेलाइट यंत्र. त्या याद्या तिथल्या जमिनीसाठी आहेत. ओक्लाहोमा-कॅन्ससच्या सपाटीवर मैला-मैलावर काटकोनात छेदणारे रस्ते आहेत. वादळ उजवीकडे वळलं की तुम्हीही पुढच्या चौकात उजवीकडे वळायचं. आपल्याकडे मुरबाडवरून माळशेजला एक रस्ता, शहापूरवरून कसाऱ्याला एक, पनवेलवरून खोपोलीला एक-दोन. मधे डोंगर, नदी, नाहीतर धरण. धावत्या ढगामागे धावणं इथे जमत नाही. ढग कुठल्या वाटेने येणार ते ओळखून आधी पुढे जाऊन थांबायचं, हाच आपला पाठलाग. म्हणून आपली गाडी मुख्यतः चार-पाच तास एका जागी उभं राहण्यासाठी सज्ज करायची असते. खाली जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

माझी गाडी जुनी डिझेल विटारा ब्रेझा आहे. पण हॅचबॅक असली तरी चालेल. गाडी कुठली यापेक्षा ती कुठल्या अवस्थेत आहे हे जास्त बघा.

पहिली पायरी: यंत्रं नंतर, टायर आधी

पहिला खर्च टायर, वायपर आणि काच यांवर करा. कायद्याने टायरच्या खाचा किमान १.६ मिमी खोल लागतात. पण पावसात पाण्यावरून घसरायचं नसेल तर ३ मिमीच्या खाली गेलेला टायर बदलूनच टाका. वायपरचं रबर आपल्या उन्हात वर्षभरात कडक होतं. एप्रिलच्या सुरुवातीला नवीन घालायचं, जुनं घडी करून डिकीत ठेवायचं. काचेला आतून धुकं धरतं ते घालवायला एसी चालू, हवा काचेवर आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबलेलं, ही तिन्ही कामं अंधारात न चाचपडता झाली पाहिजेत. हसू नका. पहिल्या मोठ्या सरीत माणूस नेमकं हेच बटण शोधत असतो.

पाण्याचा हिशेब पाठ करून ठेवा. वाहतं पाणी साधारण ३० सेंमी झालं की बऱ्याच छोट्या गाड्यांना उचलायला लागतं, ६० सेंमीला बहुतेक गाड्या वाहून जाऊ शकतात. त्याआधीच दुसरं संकट येतं. इंजिनाची हवा ओढणारी नळी पाण्यात गेली की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बोनेट उघडून ती नळी जमिनीपासून किती उंचीवर आहे ते टेपने मोजा आणि आकडा डॅशबोर्डच्या आत लिहून चिकटवा. माझ्या गाडीचा लिहिलेला आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून बघण्याचा मोह आवरा, खरं नुकसान तेव्हा होतं. विमा घेताना इंजिन संरक्षणाचं जोडकलम घ्या आणि नंतर बसवलेल्या वस्तूंची नोंदही करून घ्या.

काच फोडायची हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी हवी, डिकीत नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्या दिवशी बंद काचांच्या गाड्यांत माणसं अडकून गेली. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायचं. पुढची काच दोन थरांची असते, ती या हातोडीने तडकते पण उघडत नाही.

दुसरी पायरी: काय लावायचं नाही

हा भाग मी लवकर उरकतो, पण वगळू नका. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड लावण्यावर डिसेंबर २०१७ पासून केंद्राने बंदी आणली आहे. काचांवरच्या काळ्या फिल्मवर २०१२ पासून बंदी आहे. लुकलुकणारे लाल-निळे-पिवळे दिवे आपल्यासाठी नाहीतच. नंबरप्लेट एमएच ०४ असो की ४३, नाक्यावरचा हवालदार टपावरची अँटेना बघून गाडी बाजूला घ्यायला लावणार आणि ‘हे काय हो?’ विचारणार, हे गृहीत धरा. म्हणून माझं धोरण असं की गाडीच्या पत्र्याला बाहेरून एकही नवं भोक नाही. जे लावायचं ते उभं राहिल्यावर, आणि निघताना काढायचं.

सॅटेलाइट फोन आणि डोंगरभटक्यांची ती छोटी सॅटेलाइट संदेशयंत्रं परदेशी यादीत हमखास असतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगणं बेकायदेशीर आहे. कोणी परदेशातून आणून देतो म्हणाला तरी नको म्हणा. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांसाठीचा बिनतारी संच, मात्र जरूर करा. परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलता येतं. परवाना नसताना स्वस्तातला वॉकीटॉकी घेऊन त्या पट्ट्यात बोलू नका.

तिसरी पायरी: वीज, आणि इथे घाई नको

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि पहिली मी केली होती. सुरुवातीला मी सगळं सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवायचो. तो कमी पडायला लागल्यावर एका दुकानात बॅटरीपासून मागे थेट वायर ओढून घेतली. कारागिराने बोनेट आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडलं, त्यात ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) घातलं नाही, बॅटरीपाशी फ्यूज टाकला नाही. दोन महिन्यांनी सरळगावच्या पुढे, खडबडीत रस्त्यावर, जळक्या रबराचा वास आला. पत्र्याच्या कडेने वायरचं कातडं सोललं होतं आणि तांबं बॉडीला लागत होतं. बॅटरीची पकड पान्याने सोडवली तेव्हा हात भाजला. वणव्यातून वाचलो, दुसरं काय.

त्यानंतर सगळं पुन्हा केलं ते आमच्या मामांकडून. मामा म्हणजे कळव्याच्या बाजूला गाड्यांचं वायरिंग करणारे एक जुने वायरमन. मी विचारलं, ‘मामा, फ्यूज पुढे टाकायचा की मागे?’

‘दोन्हीकडं. दोन्हीकडं बॅटरी आहे ना? मग आग दोन्हीकडनं लागंल.’

हे वाक्य नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी मांडणी त्यावर आहे. गाडी उभी असताना मूळ बॅटरी वापरायचीच नाही. ती इंजिन चालू करायला आहे. शिशाची बॅटरी खोलवर उतरवली की लवकर मरते, आणि माळशेजच्या वाटेवरच्या टोकावड्याला रात्री नऊ वाजता धक्का मारायला कोणी येत नाही. मागच्या सीटच्या पायाशी दुसरी, लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ठेवायची.

ती किती मोठी? आधी खर्च मांडा. लॅपटॉप सरासरी ४० वॉट, टॅब १०, राउटर ८, दोन फोन २०, डॅशकॅम ५, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या १५, मोजमापाचं यंत्र २. बेरीज १०० वॉट. पाच तास थांबायचं तर ५०० वॉट-तास. १२.८ व्होल्टची ५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ६४० वॉट-तास. त्यातले ८० टक्के वापरायचे असं ठरवलं की ५१२ उरतात. झालं. १०० अँपिअर-तासांची घ्यायचा मोह होतो, पण ती वजनाला दुप्पट आणि आपल्या कामाला जास्तच. ५० ची उचलून घरी नेता येते, आणि नेलीच पाहिजे. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तापमान भट्टीसारखं होतं, आणि या बॅटऱ्यांवर चार्जिंगची वरची मर्यादा बहुधा ४५ अंशांच्या आसपास छापलेली असते. याच कारणाने ती बोनेटखाली कधीच ठेवायची नाही.

मूळ बॅटरीपासून ही दुसरी भरायला मधे २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. थेट जोडलं तर लिथियम बॅटरी हावरटासारखी करंट ओढते आणि अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) तापतो. चार्जरची एक बारीक वायर इग्निशन लाइनला जोडायची, म्हणजे इंजिन बंद तर चार्जिंग बंद. रिकामी झालेली बॅटरी दोनेक तासांत भरते. ठाण्याहून माळशेजचा रस्ता तेवढाच वेळ खातो, कल्याणच्या वाहतुकीसकट.

आता वायर. बोनेटपासून मागच्या सीटपर्यंत जाऊन येऊन ९ मीटर तांबं धरा. २.५ चौरस मिमीच्या वायरमध्ये २० अँपिअरला सुमारे सव्वा व्होल्ट वाटेतच गळतात. ६ चौरस मिमी घेतली तर अर्धा व्होल्ट. चार्जर अर्धा व्होल्ट सहन करतो, सव्वा व्होल्टला कुरकुरतो, मधेच बंद पडतो, आणि आपल्याला वाटतं यंत्र खराब आहे. त्यामुळे ६ चौरस मिमी, तीही गाड्यांसाठीची, उष्णता सोसणारी. घरातल्या वायरिंगचं उरलेलं भेंडोळं वापरू नका.

काम करून घेताना पुढच्या गोष्टी समोर उभं राहून बघा. पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज. मागच्या बॅटरीपाशी तसाच दुसरा. फ्यूज वायरला वाचवायला असतो, म्हणून वायरला झेपेल त्याच्या खालचा आकडा घ्यायचा. पत्र्यातून वायर जाते तिथे ग्रोमेट, आणि शक्यतो कंपनीने आधीच ठेवलेल्या भोकातून. टोकांना लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) क्रिम्प करून, म्हणजे पक्कडीने दाबून, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). पक्कडीने दाबलेला लग हाताने ओढून बघा. मामा अक्षरशः लटकतात. वायर सीट बेल्टच्या यंत्रणेवरून आणि एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टनातल्या वायरींजवळून नेऊ देऊ नका. मागच्या बॅटरीला पट्ट्याने असं बांधा की गाडी उलटली तरी ती उडणार नाही.

इन्व्हर्टर शक्यतो टाळा. १२ चे २३० व्होल्ट करायचे आणि लॅपटॉपच्या चार्जरने त्याचे पुन्हा २० करायचे, यात दोनदा गळती. यूएसबी-सीचा १०० वॉटचा गाडीतला चार्जर थेट १२ व्होल्टवर चालतो आणि आजकालचे बहुतेक लॅपटॉप त्यावर भरतात. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांचेही यूएसबी चार्जर मिळतात.

चौथी पायरी: पडदे आणि नेटवर्क

एक नियम आधी. चालवणारा बघत नाही, बघणारा चालवत नाही. एकट्याने निघालात तर पडदा फक्त गाडी उभी असताना. ओक्लाहोमात एल रेनोला ३१ मे २०१३ च्या वादळात टिम समारास यांच्यासारखा मुरलेला संशोधक, मुलगा आणि सहकाऱ्यासह गेला. त्या टोर्नेडोची, म्हणजे ढगातून जमिनीला टेकलेल्या भोवऱ्याची, रुंदी ४ किलोमीटरच्या वर पोचली होती. आपल्याकडे तसली वादळं नाहीत, पण रस्ता एकच असण्याची अडचण मात्र आपल्याकडे जास्त आहे.

टॅबचा स्टँड सहप्रवाशाच्या बाजूला, काचेच्या खाली बसवा. काचेवर चिकटणारी रबरी वाटी लावून मधोमध पडदा टांगणं म्हणजे चालवणाऱ्याची नजर अडवणं, आणि एअरबॅग उघडली तर तोच टॅब तोंडावर येतो. लॅपटॉप मागच्या सीटवर, थांबल्यावरच उघडायचा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम हवीत, एक राउटरमध्ये, एक फोनमध्ये. मुरबाड ओलांडल्यावर एकीचं नेटवर्क गेलं की दुसरीचं कधीकधी असतं. घाटात दोन्ही जातात. म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवा, आणि नेटवर्क असताना दिसलेलं शेवटचं रडारचित्र वेळेसकट जपून ठेवा.

रडारबद्दल थोडं सविस्तर, कारण गाडीतली सगळ्यात मोलाची खिडकी तीच आहे आणि ती फुकट आहे. हवामान खात्याची मुंबईतली दोन डॉपलर रडारं मी बघतो. कुलाब्याचं एस-बँडचं (लांब लहरीचं), आणि अंधेरीच्या बाजूला वेरावलीचं सी-बँडचं (आखूड लहरीचं), जे २०२२ मध्ये सुरू झालं. सी-बँडची लहर जोरदार पावसात क्षीण होते, म्हणून मोठ्या सरीच्या मागचं त्याला कमी दिसतं. चित्रावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. त्यात साडेपाच तास मिळवा. ११:२० लिहिलंय म्हणजे दुपारचे चार पन्नास. पहिल्या वर्षी मी हे विसरून चक्क उलटा हिशेब केला होता. चित्र तुमच्यापर्यंत येईतो दहा-पंधरा मिनिटं जुनं झालेलं असतं. ताशी ४० किलोमीटरने सरकणारा ढग तेवढ्यात ७ ते १० किलोमीटर पुढे आलेला असतो. म्हणजे पडद्यावर तो टोकावड्याला असतो आणि प्रत्यक्षात तुमच्या बोनेटवर.

आणखी एक. पृथ्वी गोल आहे आणि रडारची किरणं सरळ, किंचित वर जातात. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेली लहर १०० किलोमीटरवर जवळपास दीड किलोमीटर उंचीवरून जाते. घाटाच्या पायथ्याशी ढगाखाली काय चाललंय ते रडारला दिसतच नाही. तिथे तुमचे डोळे लागतात. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप ठेवा. ते तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात पडणाऱ्या विजा दाखवतं.

पाचवी पायरी: मोजमाप

इथे हौस आणि विज्ञान यांची मारामारी होते. १९९४-९५ मध्ये अमेरिकेत व्हॉर्टेक्स नावाच्या मोहिमेत साध्या मोटारींच्या टपावर सांगाडे बसवून चालत्या गाडीतून वारा, तापमान, दाब मोजले. त्यांचे फोटो बघून आपणही वाऱ्याच्या वाट्यांचं यंत्र टपाच्या कॅरिअरला बांधतो. मग ताशी ६० ने जाताना ते आपलाच वेग दाखवतं, वर टपावरून उसळलेली हवा त्यात भर घालते. तो वेग वजा करायला दिशा, गती, सगळं अचूक लागतं. आपण थांबणारी माणसं, आपल्याला त्याची गरजच नाही.

मी केलेला उपाय साधा आहे. चौरस फुटाची जाड लोखंडी पाटी, तिच्या कडेला उभा नळीचा तुकडा वेल्ड केलेला. गाडीचं मागचं चाक पाटीवर चढवायचं आणि नळीत ३ मीटरची फायबरची काठी उभी करायची. गाडीला भोक नाही, खिळा नाही. काठीच्या टोकाला वाऱ्याचं यंत्र, दोन मीटरच्या जरा खाली पांढऱ्या थाळ्यांच्या जाळीदार डबीत तापमान-आर्द्रतेचा सेन्सर. काठी गाडीच्या त्या बाजूला ठेवा जिकडून वारा येतोय, नाहीतर तापलेल्या बोनेटची हवा मोजाल. हवामान खातं वारा जमिनीपासून १० मीटरवर मोजतं, म्हणून तुमचा आकडा कमीच येणार. तो त्यांच्या आकड्याशी भांडवू नका, स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडून बघा.

दाबाचा सेन्सर केबिनमध्ये चालतो. बीएमई २८० नावाची चिप लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते, एका छोट्या बोर्डला जोडायची. फक्त एक काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर दार आपटलं की आलेखावर टाचणी टोचल्यासारखा सुळका येतो. आणि घाट चढताना दाब पडतो म्हणून हुरळून जाऊ नका. दर आठेक मीटर चढाला एक हेक्टोपास्कल उतरतो. माळशेजच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत दाब कित्येक दहा हेक्टोपास्कलनी पडलेला दिसतो आणि आभाळ निळंभोर असतं. नोंद फक्त उभं राहिल्यावर सुरू करायची.

नोंद करायची कशासाठी, ते एकदा बघितलं की कळतं. मागच्या मेमध्ये टोकावड्याच्या अलीकडे एका माळावर थांबलो होतो. चार चाळीसला तापमान ३६.८, वारा पश्चिमेचा, खाडीवरून येणारा नेहमीचा दमट. ढगाच्या पोटाखालून धुळीची एक तपकिरी भिंत सरकत येताना दिसली. चार पन्नासला पश्चिमेचा वारा एकदम गप्प झाला. मिनिटभर काहीच नाही. पळसाचं पानही हलत नव्हतं. मग पूर्वेकडून थंड झोत आला, दाबाची रेघ दोन हेक्टोपास्कलने वर उडाली, आणि बारा मिनिटांत तापमान २७.४ वर उतरलं. पावसाचा पहिला थेंब त्यानंतर सहा मिनिटांनी पडला. ढगातून कोसळलेली गार, जड हवा जमिनीवर आदळून पसरते, तिची ही कड. लॅपटॉपवर ती रेघ उमटताना बघणं यासाठीच हा सगळा उपद्व्याप.

पावसाचं माप गाडीवर लावू नका, ते नेहमी चुकतं. मोकळ्यावर साधं मोजपात्र ठेवा.

सहावी पायरी: कॅमेरा

यावर लोक तासन्‌तास बोलतात, मी दोन ओळी. डॅशकॅम कायम चालू, त्याचं घड्याळ आणि सेन्सरचं घड्याळ एकाच फोनवरून जुळवलेलं. मोठा कॅमेरा खिडकीच्या काचेवर बसणाऱ्या कापडी पिशवीवर ठेवा, पिशवीत तांदूळ भरा. विजा कडाडताना तिपाई घेऊन बाहेर उभं राहायचं नाही. ड्रोन तर विसराच. वादळाच्या तोंडाशी वारा त्याला नेतो, आणि ठाणे-नवी मुंबईच्या बऱ्याच आकाशाला विमानतळांची बंधनं आहेत.

सातवी पायरी: वीज आणि गारा

बंद धातूच्या गाडीत तुम्ही बरेच सुरक्षित असता ते पत्र्यामुळे. वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते. टायरच्या रबरामुळे वाचतो हा समज चुकीचा आहे. काचा वर (दाबाच्या सेन्सरसाठी बोटभर उघडी ठेवलेलीही), हात मांडीवर, चार्जिंगला लावलेल्या वस्तूंना हात नाही. बाहेर उभी केलेली काठी आणि तिची केबल मात्र या सगळ्यावर पाणी फिरवते. केबल खिडकीतून थेट लॅपटॉपला येत असेल तर विजेला तुम्ही आत यायची वाट करून दिलीत. म्हणून माझे सेन्सर वायरलेस आहेत, काठीवर त्यांची स्वतःची छोटी बॅटरी.

काठी कधी उतरवायची? लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांचं अंतर म्हणजे वीज १० किलोमीटरवर, तीन सेकंदांना एक किलोमीटर. मी त्याच्याही आधी, दामिनीत २० किलोमीटरच्या वर्तुळात पहिला ठिपका आला की बाहेर पडतो आणि उतरवतो. त्यानंतर बाहेर जायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंतही नाही.

कोणावर वीज पडलीच तर त्या माणसाला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात करंट राहत नाही. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. सीपीआरचं एक दिवसाचं प्रशिक्षण हा या यादीतला सगळ्यात स्वस्त सुटा भाग.

गारा कोकणपट्टीत क्वचित. पण मार्च-एप्रिलमध्ये कसारा चढून नाशिककडे गेलात तर गाठ पडू शकते. तिकडची लोखंडी जाळी आपल्याला कायद्यात बसत नाही. आपल्याकडे गोधडी आहे. आजीची जुनी, जाड, दोन पदरी. पुढच्या काचेवर टाकायची, टोकं दोन्ही दारांत अडकवायची. गारा सुरू झाल्यावर गोधडी टाकायला उतरू नका, त्याआधीच टाका. तसं जमलं नाही तर गाडीचं तोंड गारांच्या दिशेने करा. पुढची काच तडकली तरी जागेवर राहते, बाजूच्या आणि मागच्या काचांचा मात्र भुगा होतो.

आठवी पायरी: थांबायची जागा

ही गाडीतच बसवायची वस्तू समजा. घरून निघण्याआधी नकाशावर तीन जागा खुणा करून ठेवा. प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी निघता आलं पाहिजे, जमीन टणक हवी, वर तार, झाड, जाहिरातीचा फलक काही नको. १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ माणसं गेली. तेच वादळ ठाण्या-नवी मुंबईवरूनही गेलं होतं. पंपाच्या छपराखाली आसरा घेण्याची आपली सवय त्या दिवसापासून मी सोडली.

नदीच्या किंवा ओढ्याच्या पात्राजवळ, पुलाच्या तोंडाशी थांबू नका. अटल सेतूवरून रात्री उरणकडच्या विजा दिसतात तेव्हा पाय आपोआप ब्रेककडे जातो, पण तिथे आणि समृद्धी महामार्गावर थांबायला मनाई आहे, आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुमच्या छंदाशी देणंघेणं नाही. नवी मुंबईकरांना सोपं आहे. ऑक्टोबरात बऱ्याचदा ढगच तुमच्याकडे येतात. गाडी न काढताही भागतं. शेतात थांबायचं असेल तर मालकाला विचारा. ‘पाऊस बघायला आलोय’ म्हटल्यावर एका आजोबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, ‘आमच्याकडं तो फुकटच येतो, बाबा. बसा.’ चहाही पाजला.

डिकीत काय? हवा भरलेली स्टेपनी, जॅक, टो रोप, जंपर केबल, परावर्तक त्रिकोण, डोक्याचा टॉर्च, प्रत्येकी तीन लिटर पाणी, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, प्रथमोपचाराची पेटी, सुटे फ्यूज, आणि कागदावर लिहिलेले नंबर: ११२, १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. फोन भिजला की पाठ असलेले नंबरही आठवत नाहीत.

शेवटची पायरी: रंगीत तालीम

पहिल्या वळवाच्या आधीच्या रविवारी सगळं गाडीत भरा आणि सोसायटीच्या आवारात इंजिन बंद करून पाच तास सगळी यंत्रं चालू ठेवा. दर तासाला दुसऱ्या बॅटरीचा व्होल्टेज लिहा. वायरींच्या जोडांना बोट लावून बघा. कुठलाही जोड कोमटाहून गरम लागला तर तो लग पुन्हा क्रिम्प करून घ्या. मग रात्री अंधारात, गाडीतला दिवा बंद ठेवून, काठी लावायची आणि उतरवायची. बरोबर येणाऱ्याने फोनवर वेळ धरायची. पहिल्या वर्षी माझ्या भाचीने वेळ धरली होती. ‘मामा, चार मिनिटं दहा सेकंद. तुझी वीज केव्हाच पडून गेली.’ नळीला पेचाचा स्क्रू होता, तो काढून झटक्यात निघणारी खीळ बसवली. आता पंचेचाळीस सेकंद लागतात, आणि एवढ्यात सोसायटीचा वॉचमन काय चाललंय ते बघायला येतो.